सतरा नंबरचा पट्टा

९ फेब्रुवारी
तीसही पट्टे चालू. २२ च्या सेलची पकड सैल होती, पत्रा वाकवून बसवला.
आज भास्करमामाच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या जागेवर, वाटले. घरून, कोरीटहून, स्कूटीने बारा मिनिटं. जमिनीवर नजर जाईल तिथपर्यंत मिरची वाळत घातलेली, कडेला बायका ओळीने देठ काढत बसलेल्या, आणि सगळे खोकतात. अडचण तीच आहे. दुसरीकडे कुणी खोकलं की त्याला बाजूला बसवता येतं. इथे ठसका कुठला आणि आजार कुठला ते कळत नाही. मामाला मी याच मुद्द्यावर पटवलं. तो म्हणाला, "आठे कोन खोकत नही, पोरी? मी भी खोकस." मग हो म्हणाला.
बायकांना जे सांगितलं ते: दोन पट्टे दोन मीटरच्या आत पंधरा मिनिटं राहिले की एकमेकांचा नंबर नोंदवतात. नाव नाही, फोन नाही, जागा नाही. कुणी कोरोना पॉझिटिव्ह निघालं तर त्याच्याजवळ कोण होतं एवढंच बघायचं. मूळ रचना माझी नाही. नेटवर खुली आहे, कुणीही घ्यावी, बदलावी. मी डबी बदलली आणि हालचालीचा भाग घातला. हात हलत नसेल तर पट्टा झोपतो, सेल वाचतो.
फळ्यावर खडूने लिहिलं: एक पट्टा, एक माणूस. डाव्या मनगटावर. काढायचा नाही. कुणाला द्यायचा नाही.
मामाने खाली स्वतः ओळ जोडली: पट्टा नाही तर हजेरी नाही.
बरं वाटलं. आता रोज घातले जातील.

११ फेब्रु.
रबरी पट्टीखाली मिरचीची पूड अडकते, कातडी जळते. चार जणींचं मनगट लाल. १७ नंबरने मला न विचारता रबर काढून सुती नाडी ओवली होती. रागवणार होते, पण तिचं बरोबर होतं. सगळ्यांना नाडी.
१७ म्हणजे सुनंदा. नवापूरकडच्या डोंगरातली. हंगामापुरती पथारीशेजारी झोपडी. नवरा ऊसतोडीला गुजरातेत. झोपडीत तीन वर्षांची मुलगी आणि नणंद अनिता, एकोणीस वर्षांची. सासू-सासरे गावी. अनिता 'मुलगी सांभाळते, काम करत नाही', अशी मी नोंद केली. तिला पट्टा नाही.
सुनंदा डावखुरी. पथारीवर एकटीच. मुकादम दगाभाऊ तिला डावरी म्हणतो. पण टोपलं तिचंच आधी भरतं, तेव्हा तो फार चिडवत नाही.

१७ फेब्रु.
हालचालीचे आलेख पाहिले. देठ काढताना एक हात मिरची धरतो, दुसरा मोडतो. पट्टा डाव्या हातात, म्हणून बाकी सगळ्यांचा आलेख शांत, सुनंदाचा उंच. असायलाच हवा.
पण प. १७ दर तीन-चार दिवसांनी एखादा दिवस बाकीच्यांसारखा शांत. नाडी सैल बांधत असावी. सगळ्या दिवसांची सरासरी घेतली. आता रेघ गुळगुळीत आहे.
दगाभाऊला विचारलं, सतरा नंबर पट्टा नीट बांधते का. तो तंबाखू मळत होता. म्हणाला, "समदं मोजानं नही ऱ्हास, ताई."
मोजायचा कंटाळा असलेली माणसं असंच बोलतात.

२२ फेब्रु.
मामाकडे दोन व्यापारी आले होते. त्यांना पथारी दाखवायच्या आधी मला दाखवलं गेलं. "मन्ही भाची शे. पुनाले शिकनी." मग हजेरीचं सांगितलं: "पहिले दगा तोंडं देखे, आते नंबर देखस." व्यापारी हसले. दगाभाऊ हसला नाही.
काल कुणाचा एक खाडा नाही. तीस पैकी तीस. ही रचना करणाऱ्यांच्या नेटवरच्या गटाला मी लिहिलं, वापर शंभर टक्के.

२ मार्च
नानांना ताप. नाना काट्यावर बसतात, वजन लिहितात. प. ४. तीन दिवस खोकत होते, कुणाच्या लक्षात आलं नाही. कसं येणार. आज तपासणी, पॉझिटिव्ह.
संध्याकाळी प. ४ च्या नोंदी उतरवून घेतल्या.   ज्यासाठी हे सगळं केलं ते आज पहिल्यांदा चालणार होतं.

३ मार्च
यादी: ५, ११, १७.
१७ सर्वांत जास्त. २६ फेब्रु. रोजी प. ४ जवळ दोन तास पन्नास मिनिटं. त्या दिवशी पोती शिवायचं काम काट्यापाशी होतं, दगाभाऊलाही आठवतं.
तालुक्याचं आरोग्य पथक सकाळी अकरा वाजता आलं. ५ आणि ११ काही न बोलता गाडीत बसल्या. सुनंदा उभीच.
"मी नव्हती काट्यापाशी, ताई."
मी तारीख सांगितली, वेळ सांगितली.
"मी नव्हती."
"मग कुठे होतीस?"
तिने फळ्याकडे पाहिलं. तिला वाचता येतं, सातवी झालीय. मग मामाकडे पाहिलं. 
मी म्हणाले, "सुनंदा, माणूस विसरतो. पट्टा खोटं बोलत नाही." सगळ्यांच्या समोर म्हणाले, म्हणजे बाकीच्यांनाही कळावं.
गाडीत चढताना तिने अनिताला लांबूनच त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं. दोन-तीनदा तेच. मला बोली येत नाही.
अनिता यादीत नाही. खबरदारी म्हणून मी सुचवलं की तिने मुलीला घेऊन गावी जावं, पथारीवर थांबू नये. मामाने लगेच टेम्पो दिला. मामा अशा बाबतीत हात आखडत नाही.
निदानापासून अलगीकरणापर्यंत: वीस तासांच्या आत.

५ मार्च
गटाला सविस्तर लिहिलं. ग्रामीण भागातला पहिला प्रत्यक्ष वापर, तीस पट्टे, सुती नाडी, वीस तास. उत्तरं येत आहेत. एकाने नाडीचा फोटो मागितला. कुणीतरी लिहिलं, अशा बातमीसाठीच आपण हे काम करतो.
तीनदा वाचलं ते.

९ मार्च
अलगीकरण केंद्रावर गेले. वसतिगृहाची इमारत, गजांच्या बाहेरून बोलायचं. तिघींच्या तपासण्या निगेटिव्ह. सुनंदाला विचारलं काही हवं का. म्हणाली, फोनला पैसे टाक, गावी लागत नाही.
टाकले. तरी लागला नाही. डोंगरात एका झाडापाशीच नेटवर्क येतं, म्हणाली. तिथे कुणी उभं असेल तर लागतो.
"आईला ताप असेल," असं ती म्हणाली. आई म्हणजे सासू. असेल, की आहे? मी विचारलं, कुणी कळवलं? कुणीच नाही म्हणाली. मग असं का म्हणतेस? ती पुन्हा फोन लावू लागली.
मला अशी अर्धी वाक्यं आवडत नाहीत. काय ते सांगावं माणसाने.

१५ मार्च
सुनंदाची सासू काल वारली. मामाला टेम्पोवाल्याने सांगितलं. आधी अनिताला ताप, मग म्हातारीला. अनिता तापातून उठली.
गावात तपासणी झाली नाही. पास्टर आणि चौघं, एवढ्यांत दफन.
केंद्राने सुनंदाला सोडलं नाही. दोन दिवस राहिलेत, नियम नियम आहे. तिला मी सांगायचं असं ठरलं, कारण तिला माझंच नाव माहीत होतं. गजांच्या बाहेरून सांगितलं. तिने विचारलं, अनिता? मी म्हणाले, बरी आहे.
"बरी आहे," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो. मग पाठ फिरवून आत गेली.
अनिताला कुठून झालं ते कळत नाही. तिचा पट्टाच नव्हता.

१७ मार्च
सुनंदा सुटली. थेट गावी. पट्टा मागितला नाही, मी पण दिला नाही. तो केंद्रात नेला होता, तिथून पिशवीत परत आला. माझ्या टेबलावर आहे.

१९ मार्च
कच्च्या नोंदी पुन्हा उघडल्या. सरासरी घेण्याआधीच्या.
प. १७, २६ फेब्रु.: हात शांत. दिवसभर शांत.
त्या आधी शांत दिवस तीन. १३, १६, २१. एकूण चार. बाकी सगळे उंच.
सैल नाडीचा आलेख असा येत नाही. सैल नाडीत पट्टा मनगटावर घसरतो, मधूनच झटका दिसतो. मला हे माहीत आहे, मी स्वतः रबरी पट्टी सैल बांधून पाहिली होती जानेवारीत. हा सैल पट्टा नाही. हा दुसरा हात आहे.
सरासरी मी काढली होती. तारीखही वर लिहिलेली आहे.

२० मार्च
दगाभाऊला गाठलं. त्याच्याशी बोलताना आवाज चढवायचा नाही असं ठरवून गेले होते. चढवावा लागलाच नाही. विचारल्याबरोबर त्याने सांगितलं.
"जागा घरनी ऱ्हास, ताई. बाईनी नही."
आज सून येईल, उद्या नणंद, परवा सासू. टोपलं भरलं पाहिजे आणि खाडा पडायला नको. एक खाडा पडला की जागेवर दुसरं घर बसतं. म्हणून बदली. "हाई आतेनं थोडंच शे." तो स्वतः पोरगा असताना बापाच्या बदली यायचा. हजेरीत नाव एकच, आणि कोण आलं ते मुकादमाला तोंडावरून माहीत. तोंड पाहणारा माणूस होता तोवर त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.
किती पट्टे असे, विचारलं. त्याने बोटांवर मोजलं. नऊ.
मला का नाही सांगितलं?
"तूच ते फळ्यावर लिखं ना. मी सांगतू त नऊ घरं उठतीन."
२६ ला सुनंदा मुलीला डोस द्यायला गावी गेली होती. अनिता बसली तिच्या जागी. पोती शिवली, नानांच्या शेजारी. पट्टा बांधून. नियमाप्रमाणे, डाव्या मनगटावर.
कॉलेजात मी प्रॉक्सी लावायचे. चार वर्षं. दोन मैत्रिणींची, आणि त्या माझी. तरी हे मला सुचलं नाही.

२१ मार्च
क्रम नीट लिहून काढते, म्हणजे डोक्यात फिरणार नाही.
नानांजवळ बसली अनिता. केंद्रात नेली सुनंदा. अनिताला गावी पाठवलं मी. 'खबरदारी म्हणून' हे शब्दही माझे.
सुनंदा खरं बोलत होती. पुढचं बोलली असती तर जागा गेली असती, म्हणून अर्ध्यावर थांबली. ३ तारखेला आणि ९ तारखेलाही. अर्धी वाक्यं मला आवडत नाहीत असं मी वर लिहिलं आहे. खोडत नाही.

२३ मार्च
मामाने विचारलं, "सतरा नंबरनं काय गोंधळ शे? दगा काही सांगत नही."
मी म्हणाले, सेन्सर सैल होता.
माझ्या कामात मी पहिल्यांदा खोटं बोलले. सोपं गेलं. मामाने पुढचं ऐकलंही नाही. त्याला वेगळंच बोलायचं होतं. आजाराचा भाग बायकांना आवडत नाही, यादीत नाव यायची भीती वाटते. "ते जवळ-दूरनं बंद करी टाक. हजेरी ऱ्हाऊ दे." शहाद्याकडच्या एका व्यापाऱ्यालाही हवे आहेत, हजेरीपुरते. साठ.
मी नाही म्हणाले.
मामा शांतपणे म्हणाला, मग दुसरा कुणी करून देईल, तूच सांगितलं होतं ना की सगळं नेटवर फुकट पडलंय, कुणीही घ्यावं.
सांगितलं होतं. माझ्या फाईलींच्या वरच्या ओळीतही तेच लिहिलेलं आहे. वापर कशासाठी करावा याची अट त्यात नाही. घालावी असं तेव्हा वाटलं नव्हतं.

२६ मार्च
गटाला खरं ते लिहिलं. पट्टा म्हणजे माणूस हे गृहीतक चुकलं, इथे पट्टा म्हणजे घर होतं, आणि घराला ते लपवायला आम्हीच भाग पाडलं. चुकीची बाई अलग झाली, दुसरी घरी गेली, तिथे एक मृत्यू. कारण सिद्ध नाही.
पहिलं उत्तर चाळीस मिनिटांत. फार मोलाची माहिती, धन्यवाद. पुढच्या आवृत्तीत पट्ट्याला बोटाचा ठसा जोडता येईल, म्हणजे दुसरं कुणी घालूच शकणार नाही.
खाली पसंतीचे अकरा अंगठे.
५ तारखेचं माझं टिपण अजून सर्वांत वर आहे. काढायला सांगितलं. म्हणाले, नवीन लोकांना उत्साह येतो त्याने.

२ एप्रिल
सुनंदा आली. कोरीटला, घरी. पथारीवर नाही. आईने चहा दिला, तिने ओट्यावरच घेतला, आत आली नाही. मुलगी कडेवर.
जागेबद्दल बोलायला आली असेल असं मला वाटलं. म्हणून मीच आधी सांगितलं, मामाला काही कळलेलं नाही, जागा आहे. तिने मान हलवली. ते तिला दगाभाऊकडून कळलं होतं.
मग सांगू लागली. 
गाडीत चढताना ती अनिताला सांगत होती: ओट्यावर झोप, आईजवळ जाऊ नको. सतरा नंबर पुकारला तेव्हाच दोघींना कळलं होतं. अनिता झोपली ओट्यावर. तीन दिवस वेगळं ताट, वेगळी घागर. मग तिला ताप भरला आणि आईच उठून तिच्याजवळ गेली. ती नको नको म्हणत होती. आई म्हणाली, पोरीला तापात टाकून मी आत झोपू का. पाच रात्री तिच्या उशाशी बसली.
आता अनिता जेवत नाही. चहा पिते, बस. म्हणते, पट्ट्याने मला धरलं होतं, मीच नेलं घरी, मीच आईला मारलं. सासरा तिच्याशी बोलत नाही. त्याच्या मनात काय आहे ते कुणाला माहीत नाही, पण तो बोलत नाही आणि ती खात नाही.
"तू ये रविवारी. घरात सांग सगळ्यांना, पट्टा खोटं बोलतो."
मी म्हणाले, पट्ट्याला ते माहीतच नाही. तो एवढंच सांगतो की कुणाचा तरी हात अडीच-तीन तास तिथे होता. आजार गेला की नाही हे त्यात येत नाही. आईची तपासणी झाली नव्हती. कुठूनही झालं असेल. हे मी येऊन सांगते, हे खरं आहे.
तिने नीट ऐकलं. तिला कळलंही, असं वाटतं.
"तसं नको," म्हणाली. "एवढं लांब ती ऐकणार नाही. खोटं बोलतो, एवढंच सांग. तू तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं ना, बोलत नाही म्हणून. तर आता हे पण सगळ्यांसमोर सांग. तुझं ऐकेल ती."
मुलगी टेबलाकडे बोट दाखवत होती. दारातून दिसतो तो पट्टा. सुनंदाने तिचं बोट धरून खाली घेतलं.
जाताना मी विचारलं, तू रागावली आहेस का. मूर्ख प्रश्न. ती म्हणाली, "रविवारी ये. दुपारच्या आत. मग ती झोपून जाते."

३ एप्रिल
शनिवार.
पट्टा १७ उघडला. नाडीत अजून मिरची आहे, बोटं जळाली. नोंदी तशाच. २६ फेब्रु., प. ४, दोन तास पन्नास मिनिटं. पट्ट्याने एकही चूक केलेली नाही. सगळ्या बाजूंनी तपासलं.
मामाला मी एकदा खोटं सांगितलंच आहे. ते जमलं, कारण त्याला ऐकायचंच नव्हतं. अनिता ऐकणार आहे. माझ्या तोंडाकडे बघणार. तिला जर दिसलं, की ही सांगायला आली म्हणून सांगतेय, तर तिच्याकडे काही उरणार नाही.
आणि गेलेच नाही, तर तेही उत्तरच.
दुपारी पथारीवर गेले. फळ्यावरच्या माझ्या ओळी कुणी पुसल्या नव्हत्या, खडू जरा उडालाय इतकंच. मी ओढणीने पुसल्या. मामाची ओळ राहिली. ती माझी नाही.
सासऱ्याला मराठी येत नाही, त्यांच्या बोलीतच सांगावं लागेल. ५ नंबरची बाई त्याच भागातली आहे. तिला विचारलं, 'पट्टा खोटं बोलतो' हे कसं म्हणतात. तिने माझ्याकडे पाहिलं, मग सांगितलं. चार शब्द. वहीत लिहून घेतले, उच्चार तिच्याकडून दोनदा तपासून घेतला.
स्कूटीत पेट्रोल आहे. सातला निघाले तर दहापर्यंत पोहोचेन.
चार शब्द म्हणायला तीन सेकंद लागतात. आरशासमोर बारा वेळा म्हणून पाहिले. अडखळल्याशिवाय एकदाही आले नाहीत.